मोठीचा वाटा

बोट आधी गेलं आणि मन मागून पोचलं. फोनच्या काचेवर 'हो' आणि 'नाही' ही दोन बटणं शेजारी शेजारी होती, आणि तिच्या बोटानं 'नाही' दाबलं होतं. 'विनंती नाकारली' एवढे दोन शब्द उमटले, जरा वेळ राहिले आणि गेले. तिनं फोन पालथा घातला, पेन उचललं आणि समोरच्या पडद्यावर अर्धवट राहिलेली किनाऱ्याची रेघ पुढे ओढायला घेतली. नकाशा विभागाच्या त्या लांबट खोलीत सगळं नेहमीसारखंच चाललं होतं. उंच खिडक्यांतून सपाट उजेड येत होता, प्लॉटर इकडून तिकडे घसरत कुठलंतरी शहर कागदावर उतरवत होता, आणि त्याच्यापाशी उभा असलेला छपाईवाला कागदाचं टोक दोन बोटांत धरून जांभया देत होता. कुणाला काही कळलं नव्हतं. आणि कळण्यासारखं होतं तरी काय? धाकट्या बहिणीनं मोठीकडे वर्षाचा उरलेला वाटा मागितला होता, दरवर्षी मागायची तसा, आणि मोठीनं तो यंदा दिला नव्हता. तिच्या कानांच्या पाळ्या मात्र गरम झाल्या होत्या. लहानपणी काही चोरून खाल्लं की व्हायच्या तशा. आज तर तिनं स्वतःचीच वस्तू स्वतःकडे ठेवली होती.

वाटा म्हणजे हवेतला वाटा. हवेत आणखी किती धूर सोडला तर पृथ्वीला सोसेल याचा सगळ्या देशांनी मिळून अंदाज बांधला आणि तो जगातल्या माणसांत डोईमागे सारखा वाटून टाकला. दिवा लावला, पाणी तापवलं, गाडीत बसलं, विमानात चढलं, की ज्याच्या त्याच्या वाट्यातून तेवढा भाग जायचा. वर्षअखेर उरेल तो रक्ताच्या माणसाला देता यायचा. कुणाला दिला नाही तर तो सामायिक साठ्यात जायचा, आणि तिथून इस्पितळांना, पुरात बुडालेल्या गावांना मिळायचा. हे सुरू झालं त्या वर्षी वॉर्डातल्या शाळेत सगळ्यांना बोलावून समजावून सांगितलं होतं. लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं अंग चोरून बसली होती. मागून कुणीतरी म्हणालं, "हवा काय यांच्या बापाची आहे?" समजावणारा अधिकारी घाम पुसत म्हणाला, "तेच तर सांगतोय साहेब, कुणाच्याच बापाची नाही." सगळे हसले. आई हसली नाही. जन्मभर शिलाई मशीनवर दुसऱ्यांचे कपडे शिवलेली आई घरी येताना सावकाश म्हणाली, "म्हणजे त्या गिरणीच्या मालकाला जेवढी, तेवढीच मला?" ती म्हणाली, "हो." "आणि त्याला पुरली नाही तर?" "तर त्याला कुणाकडे तरी मागावी लागेल." आई थोडं चालली आणि म्हणाली, "बाई गं. पहिल्यांदाच कुणीतरी मला अख्खी मोजली."

त्याच सुमारास चिमीचं लग्न झालं आणि ती समुद्रापलीकडे गेली. धाकटीचं नाव काय होतं ते आता फक्त तिच्या पासपोर्टलाच ठाऊक असेल. घरात ती चिमीच होती, आणि हिचं नाव मोठी. चिमीच्या गावी थंडी कडक, घर तापवण्यातच तिचा वाटा जायचा, इकडे यायला उरायचाच नाही. पहिल्या वर्षी ती फोनवर रडली आणि हिनं आपला उरलेला वाटा देऊन टाकला. देताना छान वाटलं होतं. दुसऱ्या वर्षीही वाटलं. मग कधीतरी फोन येणं बंद झालं आणि नुसती विनंती यायला लागली, आणि तिचं बोट सवयीनं 'हो'वर जाऊ लागलं. ते 'हो' तयार करायला तिला वर्षभर खपावं लागायचं, हे चिमीला कुठून ठाऊक असणार? ऑफिसचे जिने चढणं, थंड पाण्यानं आंघोळ, संध्याकाळी आईनं आणि तिनं मिळून एकच दिवा लावणं. चिमी यायची ती दोन फुगलेल्या बॅगा घेऊन, घरभर तिच्या अत्तराचा वास पसरायचा, आई तिच्याकडे बघत राहायची, आणि शेजारपाजारचे म्हणायचे, कशी एवढ्या लांबून आईसाठी धावत येते बघा. ती चहाचे कप विसळता विसळता ऐकायची. धावत येणारी दिसते. घरीच असणारी कुणाला कशी दिसणार? लहानपणी दोघींना मिळून एक रजई होती. चिमी झोपेत ती आपल्याकडे ओढून घ्यायची आणि वर तिची गार पावलं हिच्या पोटऱ्यांना लावायची. सकाळी आई विचारायची, "थंडी वाजली का गं?" आणि चिमी सांगायची, "नाही." आई समाधानानं कामाला लागायची. हिला विचारायचं राहून गेलंय हे तिच्या कधी लक्षातच आलं नाही, आणि त्यात तिचं काही चुकलं असं हिलाही वाटलं नव्हतं. आज इतक्या वर्षांनी, उबदार खोलीत बसून, तिला त्या पोटऱ्यांना थंडी वाजली.

"दर्याबाई, तुमचा कागद आला," छपाईवाला म्हणाला. ऑफिसात तिला सगळे दर्याबाई म्हणत. तिच्याकडे किनाऱ्याचे नकाशे होते म्हणून, आणि तिनं आयुष्यात समुद्र पाहिलेला नव्हता म्हणूनही. तिचं शहर समुद्रापासून इतकं आत होतं, की तिथल्या कित्येकांनी तो पाहिलेला नव्हता. पण त्यांच्यापैकी कुणी दिवसभर तो काढत बसत नव्हतं. उपग्रहावरून घेतलेली छायाचित्रं यायची, जुनी रेघ लाल दिसायची, आणि ती त्यावरून नवी निळी रेघ ओढायची. निळी रेघ नेहमी आतल्या बाजूला असायची. एका मोठ्या बंदराच्या तोंडाशी एक लांबट बेट होतं, वाळलेल्या शेंगेसारखं. ती नोकरीला लागली तेव्हा त्यावर एक रस्ता, शाळा आणि दीपस्तंभाची खूण होती. प्रत्येक आवृत्तीत शेंग बारीक होत गेली. आधी रस्ता गेला, मग शाळेची खूण तिनं स्वतःच्या हातानं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सरकवली. मध्यंतरी साहेबांनी तिच्या खांद्यावरून वाकून बघितलं आणि म्हणाले, "पुढच्या खेपेला हे काढून टाका. या प्रमाणात आता दाखवता येत नाही." तिनं विचारलं, "माणसं आहेत का तिथे?" साहेब तसे मवाळ गृहस्थ. ते म्हणाले, "असतील की थोडी. पण नकाशाला माणसं कुठे दिसतात हो बाई." त्या संध्याकाळी घरी जाऊन तिनं विमानाचं तिकीट राखून ठेवलं. जायचं-यायचं धरून तिचा उरलेला सगळाच वाटा त्यात जात होता. त्या बेटासाठी म्हणून जातेय असं ती लोकांना सांगू शकली असती, पण स्वतःशी तिला खोटं बोलता आलं नाही. तिला विमानात बसायचं होतं. जमीन आपल्या नकाशासारखी खाली पसरलेली बघायची होती. एकदा तरी आपली हवा आपल्यासाठी जाळायची होती.

आईला सांगितलं तेव्हा आई म्हणाली होती, "जा. जाच." आणि मग जरा जास्तच वेळ हातातल्या टॉवेलची घडी घालत बसली होती. समोरच्या घरातली नर्स प्रवासाचे चार दिवस आईकडे लक्ष देणार होती. तीही लगेच हो म्हणाली होती, पण म्हणताना आईकडे बघून. हे सगळं तिला बसमधून घरी जाताना आठवत होतं, एकामागून एक, आणि एकेक आठवण जागेवर बसताना थोडी हलत होती. बसमध्ये उभ्यानं जाताना तिला चिमीचा चेहरा दिसत राहिला. फोन हातात, आणि त्यावर ते दोन शब्द. ती चिडेल का? की नवऱ्याला दाखवून म्हणेल, ताईचं काहीतरी बिनसलंय? यातलं काय झालेलं आपल्याला आवडेल हे तिचं तिलाच ठरवता येईना.

ती भाजी चिरत होती तेव्हा चिमीचा फोन आला. आई पुढच्या खोलीत रेडिओ लावून बसली होती.

"ताई, तुझं 'नाही' आलं."

"हो."

"चुकून दाबलं गेलं का?"

'हो' म्हणायचा मोह तिला झाला. तिनं सुरी खाली ठेवली. "नाही. मला हवाय यंदा. मला समुद्र बघायचाय."

पलीकडे चिमीनं श्वास घेतलेला ऐकू आला. "ते माहितीये मला. आईनं सांगितलं. म्हणून तर मी मागितला. मला वाटलं, तुझा तुला पुरून थोडा उरेल, आणि तू जाशील तेव्हा मी आईजवळ असेन."

"आईजवळ नर्सबाई आहेत. चार दिवसांचा तर प्रश्न."

"ताई, आईनं तुला काहीच सांगितलं नाही?"

"काय सांगायचंय?"

"तिला आठवत नाही गं. म्हणजे चष्मा कुठे ठेवला तसं नाही. मागे एकदा ती खाली गल्लीत उभी होती आणि आपलं दार कुठलं ते तिला कळेना. नर्सबाईंनी वर आणलं. मग त्यांनीच कुठल्या डॉक्टरांना दाखवलं, तू ऑफिसात असताना. हळूहळू वाढत जाणार म्हणाले. आईनं त्यांना शपथ घातली, मोठीला सांगायचं नाही."

"आणि तुला?"

"मला तिनं आपणहून सांगितलं." चिमीचा आवाज ओला झाला. "मी लांब आहे ना. लांबच्या माणसाला सांगणं सोपं जात असेल."

फोन ठेवल्यावर ती ओट्याला टेकून उभी राहिली. पहिल्यांदा दुःख झालं नाही, राग आला. आणि तोही रोगाचा नाही. आईनं चिमीला सांगितलं होतं. रोज तिच्या पाठीला साबण लावणारी, तिच्या गोळ्या काढून ठेवणारी, तिच्या खोकल्यावरून रात्र कशी जाईल ते ओळखणारी मी, आणि गुपित मात्र समुद्रापार गेलं. मग राग ओसरला आणि खाली उरलं ते त्याहून वाईट होतं. मला दिसलं कसं नाही? आई हल्ली नर्सला 'ती पांढऱ्या कपड्यातली' म्हणायची. चहाचं आधण एकदा ठेवून पुन्हा ठेवायची. मधूनच वाक्य सोडून हसायची, आणि ही पण हसायची, वय झालं म्हणून. चिमी वर्षातून एकदा यायची, तिला आईचे दोन चेहरे शेजारी ठेवून बघता यायचे. हिच्याकडे एकच चेहरा होता, कालचा, आणि तो आजच्यासारखाच होता. ऑफिसातही तसंच होतं. दोन वर्षांची दोन छायाचित्रं एकावर एक ठेवल्याशिवाय किनारा मागे सरल्याचं तिलासुद्धा कधी दिसलं नव्हतं. किनाऱ्यावर घर असणाऱ्याला तर ते शेवटपर्यंत दिसत नसेल. पुढच्या खोलीत आईनं रेडिओचा आवाज कमी केला आणि हाक मारली, "मोठे, कुणाचा फोन गं?" ती म्हणाली, "चिमीचा." आई गप्प राहिली. त्या गप्प राहण्यातच दोघींना एकमेकींचं सगळं समजलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. आई खिडकीशी बसून एका जुन्या झग्याची शिलाई उसवत होती. हात अजून चोख चालत होते. ती आईसमोर स्टूल घेऊन बसली.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू गेली असतीस?"

"नसते."

"मग." आईनं दोरा ओढला. "चिमीला काही सांगितलं की ती रडते, आणि रडून झालं की जेवते. तुला सांगितलं की तू रडत नाहीस, काही नाही. फक्त आणखी एक गोष्ट सोडून देतेस. मला आता भीती वाटायला लागलीय तुला काही सांगायची."

आई पुढे म्हणाली, "तू तिला दरवर्षी तुझा वाटा देतेस, ते मला काय कळत नव्हतं? मला चिमी दिसायची म्हणून मी गप्प बसले. मीही खाल्लाच की तो." मग ती खिडकीबाहेर बघून म्हणाली, "सगळं विसरणार म्हणतात डॉक्टर. माझं नशीब असं, की हे तेवढं नेमकं लक्षात राहील." आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसली. ती हसू शकली नाही. तिनं उसवलेल्या शिलाईचे बारीक दोरे आईच्या मांडीवरून वेचले, आणि तेवढ्या वेळात मनाशी ठरवूनही टाकलं, की तिकीट रद्द करून वाटा चिमीला द्यायचा. आई तिच्या हाताकडे बघत होती. "काही ठरवू नकोस," आई म्हणाली. "तुझा चेहरा बघ. परत सोडतेयस."

सोमवारी ती अर्ध्या दिवसाची रजा काढून वॉर्डाच्या वाटा कचेरीत गेली. सामायिक साठ्यातून काही मिळतं का, ते विचारायला. खिडकीपलीकडची बाई तिच्याच वयाची होती, गळ्यात चष्मा लोंबकळत असलेली. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. "आजारासाठी मिळतो," ती म्हणाली, "पण आजारी माणसाला. उपकरणं, इस्पितळ, असं. बहिणीनं भेटायला यायचं म्हणून नाही मिळत."

"भेटायला नाही, सांभाळायला."

"कळतंय मला. पण इथे तुमच्यासारखे रोज येतात, आणि साठा असतो तेवढाच." तिनं चष्मा डोळ्यांवर चढवला आणि परत काढला. "माझा शिल्लक आहे. तुमच्याशी माझं रक्ताचं नातं नाही, नाहीतर दिला असता. नातं जोडून देता येत असतं तर मी एव्हाना अर्ध्या शहराची मावशी झाले असते." मग आवाज खाली आणून म्हणाली, "विमानच हवं का पण? जहाज, रेल्वे यांना किती कमी लागतं बघितलंय का तुम्ही? वेळ लागतो, म्हणून कुणी विचारतच नाही. वेळेचा वाटा कुणी कापत नाही हो अजून."

ती पायऱ्यांवर बसून बराच वेळ विचार करत राहिली. विमानाची खिडकी तिला हवी होती. त्या खिडकीतून दिसणारी जमीन तिनं कित्येकदा मनात पाहिली होती, तिच्यावरच्या ढगांच्या सावल्यांसकट. ती आता दिसणार नव्हती, आणि या वयात पुढे कधी दिसेल असंही नव्हतं. त्याचं तिला वाईट वाटलं, आणि ते वाईट वाटणं तिनं झटकून टाकलं नाही. तिथे बसूनच तिनं चिमीला फोन लावला.

"जहाजानं ये. मी रेल्वेनं जाते. एका वाट्यात दोघींचं होतंय."

"जहाजानं?" चिमी म्हणाली. "ताई, किती दिवस लागतील! तोपर्यंत आईनं मला ओळखलं नाही तर?"

"तोपर्यंत मी आहे ना. रोज तुझं नाव काढीन तिच्यापुढे."

चिमी म्हणाली, "मी इतकी वर्षं घेत राहिले ताई. एकदाही विचारलं नाही, तुला उरतं तरी कुठून."

"मीही कधी बोलले नाही."

"घरात काय करतील हे लोक माझ्याशिवाय?"

"तुझा नवरा स्वयंपाक शिकेल. नाहीच शिकला तर कच्चं खाईल." चिमी हसली, आणि हसता हसता रडायला लागली. या वेळी ती रडून जेवणार नाही असं हिला वाटलं, आणि त्या रडण्याबद्दल पहिल्यांदाच हिच्या मनात काही टोचलं नाही.

चिमीचं जहाज ज्या बंदराला लागणार होतं त्याच्याच तोंडाशी ते बेट होतं, हे तिला नकाशा न बघता ठाऊक होतं. मग आईलाही घेऊनच जावं असं ठरलं. आईचा वाटा थोडाच उरला होता, पण रेल्वेला तेवढा पुरत होता. रेल्वेत आई खिडकीशी बसून लहान मुलीसारखी बाहेर बघत राहिली, मधूनच विचारायची, "आपण कुठे चाललोय?" आणि उत्तर ऐकून प्रत्येक वेळी नव्यानं खूश व्हायची. त्या खुशीची तिला आधी भीती वाटली, मग सवय झाली, मग तीही प्रत्येक वेळी नव्यानं सांगायला लागली: "समुद्रावर, आई. चिमी येतेय." बंदरावर जहाजातून माणसं उतरत होती तेव्हा तिनं आईचा हात घट्ट धरला होता. आपल्याला नक्की कशाची धास्ती वाटतेय, हे तिला कळत नव्हतं. गर्दीतून एक थकलेली, केस विस्कटलेली, एकच बॅग घेतलेली बाई आली. अत्तराचा वास नव्हता, डिझेलचा होता. आई क्षणभर बघत राहिली आणि म्हणाली, "चिमे, किती गं वाळलीस." चिमी तिथेच, लोकांच्या वाटेत, बॅगेवर बसून रडली. तेव्हा हिच्या मनात लख्ख आनंद झाला, आणि त्याच्या कडेला लहानपणची ती बारीक थंडीही होती. दोन्ही होतं.

बेटावर ती एकटीच गेली. चिमी म्हणाली, "आम्ही इथे बसतो धक्क्यावर. तू जा." लाँच निघाली आणि पाणी तिच्या चारी बाजूंना झालं. पहिल्यांदा वास आला, ओल्या लोखंडासारखा. मग आवाज. नकाशात आवाज नसतो हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. बेटाला उतरल्यावर ती पाण्याच्या कडेशी जाऊन उभी राहिली आणि आपली रेघ शोधायला लागली. रेघ कुठेच नव्हती. पाणी पुढे यायचं, वाळू काळी व्हायची, पाणी मागे जायचं, वाळू उजळायची. कुठून किनारा सुरू झाला म्हणावं ते ठरवताच येत नव्हतं. इतकी वर्षं आपण हे कसं ठरवत होतो? खांबांवर उभी केलेली काही घरं होती. एका घराच्या पायरीवर एक बाई फाटकं जाळं मांडीवर घेऊन विणत होती. तिनं वर बघून विचारलं, "कुणाकडे आलात?"

कुणाकडे? "बघायला आले," ती म्हणाली आणि तिची तिलाच लाज वाटली.

पण त्या बाईला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिनं पायानं एक पाट पुढे सरकवला. "बसा. हल्ली येतात बरेच. आमचं काय, बघण्यासारखं झालंय." मग जाळ्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "विमानानं आलात?"

"नाही. रेल्वेनं."

"बरं झालं," ती बाई म्हणाली, आणि ते कसं बरं झालं ते सांगितलं नाही. "आमचा वाटा दरवर्षी उरतो. आम्ही जाळायचं तरी काय? अगोदर आमच्या आज्यापणज्यांनीही काही जाळलं नव्हतं. पाणी मात्र पहिलं आमच्याच दारात आलं." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, हवापाण्याबद्दल बोलावं तशी ती बोलत होती. "पण वाटे झाल्यापासून पाण्याचं चढणं जरा हळू झालंय म्हणतात. माझा बाप दरवर्षी पाण्याच्या खुणा करायचा या खांबावर. त्याच्या खुणा लांब लांब आहेत. माझ्या जवळ जवळ."

तिनं खांबाकडे बघितलं. कोयत्यानं पाडलेल्या खाचा होत्या, खालच्या दूर दूर, वरच्या जवळ जवळ. तिनं एका वरच्या खाचेवर बोट ठेवून पाहिलं. मग तिनं त्या बाईला सांगितलं, की मी नकाशे काढते, आणि पुढच्या नकाशात हे बेट नसणार. ती बाई पहिल्यांदाच थांबली. "का? आम्ही आहोत की."

"ठेवायला सांगेन मी," ती म्हणाली. साहेब ऐकतील की नाही ते तिला ठाऊक नव्हतं. पण कुणाकडे काहीतरी मागण्याचा हा आवाज आपला आहे, हे ऐकून तिला नवल वाटलं.

परतीची लाँच धक्क्याला लागली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. आई पत्र्याच्या शेडखाली बाकावर एकटीच बसली होती. चिमी थोडी दूर, टपरीवर चहा घेत होती. लाँचमधून उतरून ती आईसमोर जाऊन उभी राहिली. आईनं मान वर केली, तिच्याकडे परक्या माणसाकडे बघतात तसं सभ्यपणे बघितलं, आणि आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"बसा ना," आई म्हणाली. "जागा आहे."

ती बसली.

"तुमचं कुणी यायचंय का?" तिनं विचारलं. आवाज बरा लागला.

"माझी मोठी." आई तिच्याकडे जरा झुकली आणि खासगी काही सांगावं तशा आवाजात म्हणाली, "समुद्र बघायला गेलीय."

"एकटीच?"

"एकटीच. कधी कुठे जात नाही हो ती. आमच्यातच असते सगळा वेळ. मीच म्हटलं, जा."

चिमी चहाचे ग्लास घेऊन आली होती आणि दोघींकडे बघून जागच्या जागी थांबली होती. तिनं चिमीला डोळ्यांनीच सांगितलं, राहू दे.

"उशीर होतोय का तिला?" ती म्हणाली.

"होऊ दे," आई पाण्याकडे बघत म्हणाली. "तिला कसली घाई आहे? पोटभर बघू दे."

तिनं मान हलवली. ती आईच्या खांद्याला खांदा लावून मागे टेकली, आणि दोघी समोरच्या पाण्याकडे बघत मोठीची वाट पाहत बसल्या.